निर्मलाताईंचा नवा लॅपटॉप

तिसऱ्यांदा तो लॅपटॉप माझ्या काउंटरवर आला, तेव्हा निर्मलाताई सोबत आल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा प्रशांत आला होता, ऑफिसला जाता जाता. त्यानं डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

"काका, आता एकदाचं सांगून टाका," तो म्हणाला. "दोष मशीनमध्ये आहे का आईमध्ये?"

"मशीनमध्ये तर मला काही दिसून नाही राहिलं."

"म्हणजे आईमध्येच. मी घरी तेच म्हणून राहिलो. साठी झाली, डोळ्याचं ऑपरेशन झालं, बस झालं आता टायपिंग. तिला पण पटलंय. नायगावच्या मॅडमला फोन केला तिनं, सोमवारी या आणि कागद घेऊन जा म्हणून."

तो दिवस शनिवारचा. प्रशांत लॅपटॉप ठेवून गेला आणि मी हातातलं काम बाजूला सारून तसाच बसून राहिलो. निर्मलाताईंना मी पंचवीस वर्षांच्या वर ओळखतो. घेतलेलं काम अर्ध्यातून परत केलं, असं त्यांच्याकडून कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

माझं नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. निर्मलाताई घरी बसून मराठी डीटीपी करतात. म्हणजे लोकांनी हातानं लिहिलेलं टाइप करून, पानं लावून छापण्याजोगं करून देतात. लग्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, प्रश्नपत्रिका, सगळं केलं त्यांनी. हल्ली जास्त करून प्रबंध येतात. या वेळचा प्रबंध नायगावच्या एका प्राध्यापक मॅडमचा होता, अर्धापूरच्या केळीच्या शेतीवर. साडेतीनशे पानं, सगळी हातानं लिहिलेली, आणि अक्षर असं की डॉक्टरनं लाजावं. मॅडमला तो महिनाअखेर विद्यापीठात द्यायचा होता.

ताईंचा जुना डेस्कटॉप ऐन त्याच वेळी गेला. मदरबोर्डच जळला, करण्यासारखं काही उरलं नाही. मग प्रशांतनं आईला नवा कोरा लॅपटॉप घेऊन दिला. आठ दिवसांत ताई तो पिशवीत घालून माझ्याकडं हजर.

"बालाजी, हे निळं होऊन राहिलं रे."

निळं होणं म्हणजे ब्लू स्क्रीन. वाचकांपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. विंडोजला आतमध्ये असं काही सापडलं की आता पुढं चालणं धोक्याचं आहे, की ती हातातलं काम जागच्या जागी टाकून देते, निळा पडदा दाखवते आणि मशीन पुन्हा सुरू करते. सेव्ह न केलेलं सगळं जातं. ताईंचं दिवसातून चार-पाच वेळा जात होतं.

नवीन मशीनमध्ये असं झालं की आम्ही आधी रॅमवर संशय घेतो. रॅम म्हणजे मशीनची कामापुरती आठवण. ती कच्ची असली की मशीन बोलता बोलता विसरतं आणि कोसळतं. मी दिवसभर रॅमची टेस्ट लावली. पास. डिस्क तपासली, ठणठणीत. पंखा, गरमी, चार्जर, सगळं बघितलं. वर जड व्हिडिओ चालवून मशीनला चांगलं बेजार केलं. एकदासुद्धा निळं झालं नाही.

क्रॅश झाला की विंडोज एक छोटी फाइल लिहून ठेवते. घटनेचा पंचनामाच तो. त्यात बहुतेक वेळा दोषी ड्रायव्हरचं नाव सापडतं. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, माउस, कॅमेरा असल्या वस्तूशी कसं बोलायचं हे मशीनला शिकवणारा छोटा प्रोग्राम. वस्तू तितके ड्रायव्हर. पण ताईंच्या पंचनाम्यात खुद्द विंडोजच्या मुख्य फाइलचंच नाव होतं. गावात चोरी व्हावी आणि पोलीस पाटलानं लिहावं की चोरी गावात झाली, तसला तो प्रकार. माझ्या काही कामाचा नव्हता.

मी मशीन परत दिलं. तिसऱ्या दिवशी ताई पुन्हा दारात. मग मी सरळ फॉरमॅट मारला, विंडोज नव्यानं टाकली, ताईंचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर माझ्याकडच्या कॉपीतून पुन्हा भरून दिलं. दोन दिवस मशीन दुकानात चालू ठेवलं. काही नाही.

आता माझा स्वभाव सांगतो. मी तापट माणूस आहे. बिघाड सापडला नाही की माझं डोकं फिरतं आणि फिरलं की मी समोरच्यावर राग काढतो. मशीन न्यायला ताई आल्या तेव्हा मी म्हणालो, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना? तुम्ही काहीतरी दाबता बघा. जुन्या कीबोर्डची सवय."

मी चेष्टेत बोललो होतो. ताई हसल्या नाहीत. "असंल बाबा," एवढंच म्हणाल्या. मी दुकानाच्या जॉब कार्डावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, मशीन ओके, युजर मिस्टेक, आणि कार्ड पिशवीत सरकवलं. आमच्या धंद्यात हे सर्रास लिहितात. सुटका होते.

आणि आता हा तिसरा फेरा. शनिवारी दिवसभर मी लॅपटॉप शेजारी चालू ठेवला. तो बापडा एकदाही निळा झाला नाही. संध्याकाळी मी ठरवलं की उद्या दुकान बंदच असतं, आपण मशीन घेऊन ताईंच्या घरी जायचं आणि त्यांच्या शेजारी बसायचं. खरं सांगतो, त्या नेमकं काय दाबतात ते बघायलाच मी निघालो होतो.

रविवारी सकाळी दहाला गेलो. प्रशांत पेपर वाचत बसला होता. ताईंनी दार उघडलं आणि माझ्या हातातली बॅग बघून म्हणाल्या, "कशाला त्रास घेतलास? उद्या मॅडम येणार. कागद देऊन टाकते त्यांना."

"द्या हो. पण त्याआधी तासभर माझ्यासमोर टाइप करून दाखवा."

"आता काय राहिलंय बघायचं?"

"मला बघायचंय. बसा."

त्या बसल्या. खिडकीला लागून टेबल, डाव्या हाताला लाकडी स्टँडवर मॅडमचे कागद, त्यावर ओळीखाली धरायला स्टीलची पट्टी. ही पट्टी लातूरची सवय. आमच्या काकांनी सगळ्या टायपिस्टना लावलेली.

काका म्हणजे आमचे मालक. लातूरला त्यांचं डीटीपी सेंटर होतं. निर्मलाताई तिथं टायपिस्ट होत्या आणि मी विशीतला नवशिक्या, वायरी ओढणारा. एका खोलीत तीन कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि लाइट गेली की हातानं वारा घालायला जुनी कॅलेंडरं. लग्नसराईत बाहेर पायरीपर्यंत लोक बसायचे. दुपारी ताई डबा उघडायच्या आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आधी माझ्यापुढं सरकवायच्या, कारण मी खोलीवर राहायचो आणि दुपारी उपाशी असतो हे त्यांना ठाऊक होतं. मी दुरुस्ती शिकलो ती त्या खोलीत. आजही नवं मशीन खोललं की त्या खोलीतला शाईचा आणि गरम कागदाचा वास मला आठवतो. ते दिवस चांगले होते. पगार बेताचा होता, तरी चांगले होते.

तर ताईंनी पट्टी ओळीखाली धरली, चष्मा पुसला आणि टाइप करायला लागल्या. आणि मला पहिला धक्का बसला तो मशीनचा नाही. ताई कीबोर्डकडं बघून टाइप करत होत्या.

ज्या बाईनं लातूरला भर गर्दीत गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पत्रिका पूर्ण केल्या, ती एकेक अक्षर शोधून दाबत होती.

"ताई, खाली काय बघून राहिलात?"

"बोटं चुकत असतील म्हणून," त्या म्हणाल्या. "तू कार्डावर लिहिलं होतंस ना. माझं इंग्रजी कच्चं आहे रे, पण मिस्टेक कळतं मला. त्या दिवसापासून खाली बघूनच करते. तरी होतंच. मग म्हटलं, आता हातच गेले आपले."

प्रशांतनं पेपर खाली केला. मान खाली घालून मी एवढंच म्हणालो, "खाली बघू नका. रोजच्यासारखं करा."

त्यांनी मान वर केली, कागदाकडं बघितलं आणि बोटं सुटली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एक पान झालं, दुसरं झालं. मशीन ठणठणीत. तिसऱ्या पानावर मॅडमचं एक अक्षर लागेना. ताईंनी कागद स्टँडवरून काढला, खिडकीजवळ नेला, तिरका धरून बघितला, प्रशांतला दाखवला. तो म्हणाला, "घड असंल. केळीचा घड." ताई परत येऊन बसल्या आणि खुर्ची पुढं ओढली, तेवढ्यात पडदा निळा.

ताईंनी हात लगेच मागं घेतले, चटका बसावा तसे. "बघ. मी काही दाबलं का?"

दाबलं नव्हतं. मी डोळ्यांनी बघितलं होतं. दोन-तीन मिनिटं कीबोर्डला कोणाचा हातच लागला नव्हता. म्हणजे मशीन काम करताना पडत नव्हतं, ते रिकामं बसलं की पडत होतं. प्रशांत म्हणाला, "हाव, आई चहा ठेवायला उठली तरी होतं ते." हे त्यानं मला दुकानात सांगितलं असतं तर, असं मनात आलं. पण मी तरी कुठं विचारलं होतं?

मी उठून मशीनच्या दुसऱ्या बाजूला गेलो. आणि तिथं, उजव्या बाजूच्या यूएसबी पोर्टला, अंगठ्याएवढी एक वस्तू लावलेली होती. वरचा प्लास्टिकचा रंग उडालेला, आत हिरवा दिवा.

"ताई, हे काय?"

"लॉक आहे. सॉफ्टवेअरचं."

"ते दिसून राहिलं मला. तीनदा मशीन दुकानात आलं. तेव्हा हे कुठं होतं?"

"कपाटात. दागिन्याच्या डब्यात." त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "दुरुस्तीला मशीन देताना लॉक देत नसतात."

"मला पण?"

"तुला तर मुळीच नाही," ताई म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

हे लॉक प्रकरण आजच्या मुलांना माहीत नाही. पूर्वी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर महाग असायचं. कोणी त्याची फुकट कॉपी मारू नये म्हणून कंपनी सोबत एक छोटी वस्तू द्यायची. ती मशीनला लावली तरच सॉफ्टवेअर चालायचं. ते लॉक. लॉक हरवलं की सॉफ्टवेअर गेलं, कंपनी दुसरं देत नसे. त्यामुळं प्रत्येक डीटीपीवाला लॉकला जिवापाड जपायचा. आमचे काका संध्याकाळी ते काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि जेवतानासुद्धा खिसा चाचपायचे.

एकदा ऐन लग्नसराईत आमचं मुख्य मशीन बंद पडलं. काकांनी मला एसटीनं सोलापूरला पाठवलं, दुरुस्तीला. मी मशीन पोत्यात बांधलं आणि घेऊन गेलो. लॉक मागं तसंच लावलेलं होतं. दोन दिवसांनी मशीन दुरुस्त होऊन परत आलं, लॉक नव्हतं. सोलापूरवाले म्हणाले, आमच्याकडं आलंच नाही. काकांनी उसनवारी करून नवं सॉफ्टवेअर घेईपर्यंत सेंटर पंधरा दिवस बंद राहिलं. काकांनी मला त्याच दिवशी काढून टाकलं असतं. पण ताई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "लॉक काढून ठेवायचं काम माझं होतं. मी विसरले." ते काम त्यांचं नव्हतं. काकांनाही ते ठाऊक असावं. पण ताईंचा शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही आणि माझी नोकरी राहिली. काकांनी मग नियम केला, मशीन बाहेर गेलं की लॉक घरात. तो मोडून लॉक माझ्या हाती द्यावं, असं ताईंना पंचवीस वर्षांत सुचलं नाही, यात नवल काय?

माझी चूक त्या दिवशी त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती. आणि मी माझा न सापडलेला बिघाड त्यांच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. ताईंच्या घरात, त्या टेबलाजवळ उभं राहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण आधी काम. मी लॉक काढलं आणि मशीन तसंच ठेवलं. वीस मिनिटं, काही नाही. लॉक लावलं आणि हात बांधून बसलो. तीन मिनिटांत निळं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतं, दोनदा झालं की आम्ही त्याला पुरावा म्हणतो.

मामला साधा होता. नवे लॅपटॉप बॅटरी वाचवायला एखादी वस्तू रिकामी बसली की तिचा वीजपुरवठा थांबवतात, तिला झोपवतात. लॉकचा ड्रायव्हर कैक वर्षांपूर्वीचा. जुन्या डेस्कटॉपवर त्याला कधी कोणी झोपवलंच नव्हतं, कारण तिथं बॅटरी वाचवायचा प्रश्नच नसतो म्हणून ते झोपवणं मी सवयीनं बंद करून ठेवायचो. इथं मशीननं त्याला झोपवलं की तो गांगरायचा, आणि जाताना विंडोजला सोबत घेऊन पडायचा. आणि लॉक लावलेलं नसलं की तो ड्रायव्हर सुरूच होत नाही. म्हणून दुकानात मशीन राजासारखं चालायचं. मी जगभर शोधत बसलो, काखेत कळसा होता. ते टायपिंगचं सॉफ्टवेअर मी यादीत तीनही वेळा बघितलं होतं. पण मीच भरून दिलेलं, घरातलंच माणूस. त्याच्यावर संशय घ्यावा असं डोक्यात आलं नाही.

सेटिंगमध्ये जाऊन मी यूएसबीला झोपवणं बंद केलं. एक टिक काढायची असते, एवढंच काम. मग ताईंना म्हणालो, "आता चहा ठेवा. सावकाश करा."

त्यांनी चहा ठेवला. आम्ही तिघं तिथंच बसून प्यायलो, नजर पडद्यावर. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. पडदा पांढराच राहिला, मॅडमच्या केळीच्या घडावर कर्सर लुकलुकत.

"ताई," मी म्हणालो, "चूक माझी होती. तुमच्या हाताला काही झालं नाही. मी न बघता लिहिलं."

"असू दे."

"असू दे कसं? प्रशांत, तू पण ऐक. तुझ्या आईनं एक बटन चुकीचं दाबलं नाही. हे मी सांगून राहिलो, आणि मी त्यातला माणूस आहे."

प्रशांत उठला. त्यानं आईच्या पुढ्यातला रिकामा कप उचलला आणि धुवायला आत घेऊन गेला. त्याच्या घरात ही माफीच असावी.

मी ताईंना पुढचंही खरं सांगितलं. लॉक बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. नवा ड्रायव्हर येणार नाही. हा प्रबंध यावर होईल, त्यानंतर लॉक न लागणाऱ्या नवीन पद्धतीच्या मराठी टायपिंगवर जावं लागेल. बोटांच्या जागा त्याच राहतील, तसा कीबोर्डचा प्रोग्राम मिळतो, मी मशीनमध्ये भरून देईन. जुन्या फाइली थोड्या थोड्या करून बदलून घेऊ. ताईंनी ते शांतपणे ऐकलं. लॉककडं एकदा बघितलं. "चाललंय तोवर चालू दे त्याला," म्हणाल्या.

मग त्यांनी फोन घेतला आणि माझ्यासमोरच नायगावला लावला.

"मॅडम, निर्मला बोलते. उद्या तुम्ही येणार होता ना? या की. पण कागद न्यायला नका येऊ. शेवटचं प्रकरण तुमच्याकडंच राहिलंय, ते घेऊन या. हाव, मीच करणार आहे. आणि मॅडम, अक्षर जरा मोठं काढत जा."

फोन ठेवून त्यांनी पट्टी ओळीखाली सरकवली आणि माझ्याकडं बघितलं. "चहा झाला ना तुझा? मग ऊठ. मला काम आहे."

मी उठलो. चपला घालताना मागं टकटक सुरू झाली होती, तीच लातूरची, न थांबणारी.

प्रबंध वेळेत गेला. मी मात्र त्यानंतर एक गोष्ट शिकलो, जी इतकी वर्षं धंदा करून शिकलो नव्हतो. गिऱ्हाईक म्हणतं, घरी बिघडतं आणि तुमच्याकडं चालतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतं. विचारायचं इतकंच असतं की घरी या मशीनला आणखी काय लावता? ते विचारायला पैसे पडत नाहीत, टेस्ट लावावी लागत नाही. मी चार दिवस मशीनला विचारत बसलो, आणि उत्तर जिच्याकडं होतं ती बाई दोनदा माझ्या काउंटरसमोर उभी राहून, माझं ऐकून घेऊन, घरी गेली.